देनालीचा भूकंप आणि ‘फाटलेल्या’ पर्वताची गोष्ट

3 नोव्हेंबर 2002 रोजी अलास्कात देनाली भ्रंशावर (भ्रंश म्हणजे जिथे खडक तुटून त्याच्या दोन बाजू एकमेकींना घासत सरकतात ती रेषा) 7.9 तीव्रतेचा भूकंप झाला. त्याविषयीचा एक मजकूर समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा सारांश असा: या भूकंपात जमीन 340 किलोमीटर लांब फाटली, हिमनद्या दुभंगल्या, काही मिनिटांत पर्वतरांगेचे रूप पालटले, कोसळलेल्या खडकांखाली हिमनद्या वितळू लागल्या, आणि त्या मार्गात असलेली तेलवाहिनी केवळ नशिबाने वाचली. यातला लांबीचा आकडा बरोबर आहे. त्याच्याभोवती रचलेली विधाने मात्र एकेक करून तपासावी लागतात.

जमीन ‘फाटली’ म्हणताच खोल दरी डोळ्यांसमोर उभी राहते, पण देनाली भ्रंश मुख्यतः आडवा सरकणारा आहे. त्याच्या एका बाजूला उभे राहून पाहिले तर समोरची बाजू उजवीकडे सरकलेली दिसते, आणि दोन्ही बाजूंमध्ये पोकळी उरत नाही. 2002 मध्ये ही आडवी सरक कमाल 8.8 मीटर होती आणि बहुतेक ठिकाणी त्याहून बरीच कमी होती. फुटीची, म्हणजे खडक तुटून सरकण्याची, सुरुवात मुख्य भ्रंशावर झालीच नाही. ती सुसित्ना हिमनदीजवळच्या, एक बाजू दुसरीवर चढवणाऱ्या सुमारे 40 किलोमीटरच्या भ्रंशावर झाली, तिथून ती देनाली भ्रंशावर आली, पूर्वेकडे धावली आणि शेवटी तोत्शुंडा नावाच्या फाट्यावर वळली. म्हणजे ‘340 किलोमीटरची एक भेग’ ही प्रत्यक्षात तीन भ्रंशांची सलग साखळी आहे. उघड्या जमिनीवर तिची खूण म्हणजे तिरप्या भेगांची आणि उंचवट्यांची एक अरुंद पट्टी, जी काही ठिकाणी माणसाला सहज ओलांडता येईल इतकी किरकोळ होती.

हिमनद्या दुभंगल्या, हे विधान अर्धसत्य आहे. देनाली भ्रंश बऱ्याच अंतरापर्यंत ब्लॅक रॅपिड्स, कॅनवेल यांसारख्या हिमनद्यांच्या खोऱ्यांतूनच जातो. हा योगायोग नाही. भ्रंशालगतचा खडक चुरडलेला असतो, तो बर्फाला सहज खोदता येतो, आणि म्हणून खोरी भ्रंशाच्या रेषेवर कोरली जातात. फूट त्यांच्या खालून गेली तेव्हा बर्फाच्या पृष्ठभागावर ताज्या भेगा पडल्या, हे खरे. परंतु बर्फ वाहता असतो. त्याच्यावर उमटलेली भेग प्रवाहाबरोबर पुढे सरकते, मिटते किंवा हिमवर्षावाखाली दडते. भूकंपाची खूण जपण्याच्या दृष्टीने हिमनदी हे सर्वांत वाईट ठिकाण म्हणावे लागेल, आणि नेमक्या त्याच जागी कायमचे दुभंगणे दाखवण्याचा अट्टहास या मजकुरात आहे.

पर्वताचे रूप काही मिनिटांत पालटले, या दाव्यात तर गणिताचीच गल्लत आहे. या भ्रंशाच्या मध्य भागात दीर्घकालीन सरक वर्षाला साधारण एक सेंटीमीटर आहे, म्हणजे पाच मीटरची सरक साठायला काही शतके लागतात. अशा शेकडो भूकंपांची बेरीज झाली की ओढे आणि खोरी किलोमीटरच्या हिशेबाने विस्थापित होतात. 6,190 मीटर उंचीचे देनाली शिखर ज्या भागात आहे तिथे भ्रंश वळण घेतो. त्या वळणावर पृथ्वीचे कवच दाबले जाते आणि लाखो वर्षांत उचलले जाते. एका भूकंपाचा वाटा त्यात नगण्य नाही, पण त्याने पर्वत ‘घडवला’ म्हणणे म्हणजे एका हप्त्याला सगळी रक्कम समजणे होय.

मग त्या दिवशी डोळ्यांना दिसेल असे काय बदलले? उतार बदलले, आणि ते भ्रंशाच्या सरकेने नव्हे तर हादऱ्यांनी. भ्रंशाच्या दोन्ही अंगांना मिळून सुमारे 30 किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात हजारो दरडी कोसळल्या. त्यांतल्या सर्वांत मोठ्या मॅकगिनिस आणि ब्लॅक रॅपिड्स हिमनद्यांवर, म्हणजे फुटीच्या पश्चिम भागात पडल्या. काही कोटी घनमीटर खडक बर्फावरून घसरत दूरवर पसरला आणि पांढऱ्या पृष्ठभागावर काळ्या जिभा उमटल्या. पूर्वेकडे नद्यांच्या गाळात वाळूचे द्रवीकरण, म्हणजे हादऱ्यांनी ओली वाळू द्रवासारखी वाहू लागणे, अधिक झाले. सर्वत्र सारखा विध्वंस झाला, असा जो भास त्या मजकुरातून होतो तो या विभागणीकडे पाहताच टिकत नाही.

खडकाखाली हिमनद्या वितळू लागल्या, हे विधान सर्वांत पटण्याजोगे वाटते आणि सर्वांत चुकीचे आहे. काळा रंग ऊन शोषतो हे तत्त्व पातळ धुळीपुरते खरे आहे. तिच्याखाली बर्फ झपाट्याने वितळतो. थर काही सेंटीमीटरांहून जाड झाला की तोच पांघरूण बनतो. दरडींचा राडारोडा काही मीटर जाड असतो. 27 मार्च 1964 च्या 9.2 तीव्रतेच्या अलास्का भूकंपात शर्मन हिमनदीवर सुमारे आठ चौरस किलोमीटर भागात असा थर पसरला. त्याच्याखालचे वितळणे जवळजवळ थांबले आणि भोवतीचा उघडा बर्फ खाली जात असताना झाकलेला भाग पठारासारखा वर राहिला. उलट दिशेचा एक जुना समजही इथेच नोंदवावा. 1899 मध्ये अलास्कातील याकुतात उपसागराच्या परिसरात मोठे भूकंप झाल्यावर भूवैज्ञानिक राल्फ टार यांनी असे मांडले की भूकंपात कोसळलेल्या हिमामुळे हिमनद्या पुढे सरकतात. 1964 नंतर हिमनद्यांचे अभ्यासक ऑस्टिन पोस्ट यांनी हवाई छायाचित्रांवरून तपासणी केली, तेव्हा अशी सार्वत्रिक आगेकूच आढळली नाही.

खरा गुंता पुढे, शतकांनंतर उभा राहतो. बर्फावरचा हा राडारोडा हळूहळू हिमनदीच्या मुखापर्यंत पोचतो आणि हिमोढ, म्हणजे हिमनदीने वाहून आणलेल्या दगडमातीचा ढीग, म्हणून साचतो. अशा हिमोढाला केवळ थंड हवामानाची खूण मानले तर हवामानाचा इतिहासच चुकू शकतो. न्यूझीलंडमधील फ्रान्झ जोसेफ हिमनदीच्या वायहो हिमोढावरून हाच वाद झाला, कारण तो हवामानामुळे नव्हे तर मोठी दरड कोसळल्यामुळे तयार झाला असावा, असे काही संशोधकांनी मांडले.

क्षणात भूरूप बदलल्याचे उदाहरण हवेच असेल तर ते देनालीचे नाही, अलास्कातल्याच लितुया उपसागराचे द्यावे. 9 जुलै 1958 रोजी फेअरवेदर भ्रंश सरकला, सुमारे तीन कोटी घनमीटर खडक पाण्यात पडला आणि उसळलेल्या लाटेने समोरच्या उतारावरील झाडे 524 मीटर उंचीपर्यंत उपटून नेली. तिथेही मुख्य काम खडकाने आणि पाण्याने केले, भेगेने नव्हे.

राहिला नशिबाचा मुद्दा. 1970 च्या दशकात ट्रान्स-अलास्का तेलवाहिनी बांधताना भूवैज्ञानिकांनी देनाली भ्रंश ओलांडण्याची जागा आधीच आखून दिली होती. तिथे वाहिनी जमिनीत न पुरता सरकत्या आधारांवर नागमोडी ठेवली गेली आणि 6 मीटर आडव्या सरकेसाठी आराखडा केला गेला. 2002 मध्ये तिथे सुमारे 4.3 मीटर सरक झाली. काही आधारांची हानी झाली, पण तेल सांडले नाही. नशिबाचा प्रश्न विचारायचाच असेल तर तो दुसऱ्या टोकाला विचारावा: भूकंप जिथे सुरू झाला तो सुसित्ना हिमनदीचा भ्रंश त्या दिवसापर्यंत कुणाच्याही नकाशावर नव्हता.