चपटी

भंगारवाला दर उन्हाळ्यात यायचा. गोठ्यामागं बोरीखाली उभ्या असलेल्या गाडीभोवती एक चक्कर मारायचा, टायरला लाथ घालून बघायचा (टायर कुठले, नुसत्या रिमा) आणि बाबांना म्हणायचा, "पाटील, देऊन टाका ना आता. किलोच्या भावानं जाईल." तीन वर्षांपूर्वी बाबा जवळजवळ हो म्हणाले होते. तेव्हापासून मी त्या गाडीच्या मागं लागलोय, आणि गावातले अर्धे लोक माझ्याबद्दल जे बोलतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गाडी म्हणजे महिंद्राची एफसी-१५० पिकअप. नव्या पोरांनी बहुतेक पाहिलीच नसेल. बॉनेट नाही, तोंड सपाट, ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांवर बसलेला आणि इंजिन दोन सीटांच्या मध्ये पेटीखाली. मूळ अमेरिकेतल्या जीपवाल्यांचं डिझाइन, आपल्याकडं महिंद्रानं साठच्या दशकात बनवायला घेतलं. आमच्या घरात हिचं नाव चपटी. बाटलीशी संबंध नाही, असं आजी सांगते. माझा विश्वास नाही.

आबाजींनी, म्हणजे आजोबांनी, ती १९७१ मध्ये घेतली. मे महिन्यात आर्वीला जायचं तर पेटीकडची मांडी भाजून निघायची, म्हणून ते मध्ये ओलं पोतं टाकायचे. १९७२ ला कापसाची एकाधिकार खरेदी (कापूस फक्त सरकारलाच विकायचा) सुरू झाली आणि चपटीचं निम्मं आयुष्य खरेदी केंद्राच्या रांगेत गेलं. रात्री कापसावरच झोपायचं, सकाळी दहा हात पुढं सरकायचं.

लोक म्हणतात, विदर्भात हवा कोरडी, इथं कसला जंग? जंग इथं खालून चढतो. काळी माती चेसिसच्या पोकळीत जाऊन बसली की दिवाळीपर्यंत ओल सोडत नाही. वरून डाल्यात, म्हणजे मागच्या हौद्यात, खताच्या थैल्या. सांडलेलं खत हवेतलं पाणी ओढतं आणि पत्रा खात बसतं. डाल्याच्या तळाला मी पहिल्यांदा पेचकस लावला तर तो पापडात गेल्यासारखा आरपार. पहिलं वर्ष फक्त नट खोलण्यात गेलं. डिझेल सोडा, दोन दिवस थांबा, गॅसनं तापवा, तरी तुटलाच तर ड्रिल करा.

इंजिन जाम होतं. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतून ठेवलं. रोज संध्याकाळी हँडल लावून बघायचं. अकराव्या दिवशी ते बोटभर हललं आणि मी असा ओरडलो की आई चूल सोडून पळत आली, तिला वाटलं साप निघाला.

हे पेट्रोल इंजिनही अजब. हवा-पेट्रोल आत घेणारा इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, धूर सोडणारा एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. आमचे मिस्त्री म्हणतात, "यानं दोन घरं केले बावा, एक माडीवर, एक तळघरात." अशा गाड्यांत पुढं कितीतरी जणांनी डिझेल इंजिन टाकून घेतलं. आबाजींचा हात आखडता म्हणून आमचं वाचलं.

आता मुद्द्याचं. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम केले. गाडी ५० वर्षं जुनी आणि मूळ रूपातली हवी, म्हणजे नंबरात 'व्हीए' मिळतं. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. मी आनंदानं वाचत गेलो. पुढं लिहिलंय, दुचाकी आणि खासगी वापराची चारचाकी. मालवाहू नाही. म्हणजे साहेबाची मोटार पन्नाशीनंतर वारसा, आणि त्याच वयाची, आयुष्यभर ओझं वाहिलेली पिकअप भंगार. बरं, तो नंबर मिळाला असता तरी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची, पेट्रोल भरायला न्यायची, दुरुस्तीला न्यायची. रोजचं काम नाही. मला नेमकं तेच नको आहे. मला हिच्यात तुरीचे कट्टे न्यायचेत. सध्या कागद मेलेले आहेत, म्हणून ती वावराच्या धुऱ्याबाहेर जात नाही.

याच कारणानं मेटॅलिक रंग मारून आरसा करणाऱ्यांशी माझं जमत नाही. डाव्या दाराला बैलाच्या शिंगाचा खड्डा आहे. मिस्त्री पुट्टी घेऊन बसले होते, मी हात धरला. पत्रा सडला तिथं नवा जोडला, ब्रेक सगळे नवे, त्यात कंजुषी नाही. पण खड्डा राहील.

आतापर्यंत एक लाख चाळीस हजार गेले. एवढ्यात चालती सेकंड हँड गाडी आली असती, हे बायको आठवड्यातून एकदा सांगते. परवा पारावर एक जण म्हणाला, "सोयाबीनले भाव नाई अन् हा जंगाले रंग मारून राह्यला." याला माझ्याकडं चांगलं उत्तर नाही. दारू पीत नाही, एवढंच म्हणालो.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी झाली आणि मी ग्रीस गन घेऊन चपटीखाली शिरलो. स्प्रिंगच्या पाट्यांच्या एकेका निपलात ग्रीस भरलं. दुसऱ्या दिवशी बैल तोरणाखालून घरी आले, आजीनं पाय धुतले, ओवाळलं आणि ताट घेऊन तशीच गोठ्यामागं आली. गाडीसमोर उभी राहून म्हणाली, "हिले नाकच नाई. सारं कपायच हाये, कुठीबी लावा."

काचेखालचा रेड ऑक्साइड (रंगाआधी मारायचा लाल हात) अजून ओला होता. कुंकू लावताना तिचं बोट त्यात उमटलं. आता तिथं रंग द्यायचा की नाही, यावरून घरात दोन पक्ष पडलेत.