ओटीवरचा समभुज त्रिकोण

स्पीकर घेताना खोली बघायची नसते. खोली बघून स्पीकर घेणारी माणसं शेवटी हेडफोन घेतात आणि गप्प बसतात. तुम्ही गावच्या घरासाठी घेताय, तेव्हा आधी स्पीकर आणा, तेही कमरेएवढे उंच, जमिनीवर उभे राहणारे. घर काय, आजोबांच्या वेळेपासून आहेच. त्याचा विचार टेम्पोतून खोकी उतरवल्यावर करू.

खोक्यात एक माहितीपत्रक असेल. त्यात चित्र असतं: रिकामी आयताकृती खोली, दोन स्पीकर, एक खुर्ची, आणि तिघांना जोडणारा समभुज त्रिकोण. ट्वीटर, म्हणजे बारीक सूर काढणारा छोटा पडदा, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, स्पीकर मागच्या भिंतीपासून दोनेक फूट पुढे, दोन्ही अंगांना सारखी मोकळी जागा. या खोलीला देवघर नाही, तिच्यात भाताची कणगी नाही, आणि दुपारी ओटीवर लवंडायला येणारे काकाही नाहीत. चित्र जपून ठेवा. पुढे कोणी अक्कल शिकवायला आलं की दाखवायला बरं पडतं.

आता तुमची ओटी. बावीस फूट लांब, आठ फूट रुंद. एका टोकाला देवघराची भिंत, दुसरं टोक काटकोनात वळून पडवीत घुसलेलं. मध्ये लाकडी खांब, आणि तोही बरोबर मध्ये नाही. पूर्वी पुढची बाजू उघडी होती, नुसता कठडा. आवाज खळ्यात उतरायचा, तिथून पोफळीत जायचा आणि परत येत नसे. मग चाकरमान्यांनी पैसे पाठवले, कठड्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा चढल्या, खाली गुळगुळीत टाइल आली. एका बाजूला गिलावा केलेला चिरा, समोर काच: एकमेकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या दोन टणक भिंती. मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. टर्रर्र करून ती टाळी दोन्ही भिंतींकडे हेलपाटे घालत राहील. गायकाच्या प्रत्येक ‘स’ला आता अशीच शेपूट फुटणार आहे. भिंतीवर एक जाड गोधडी टांगली आणि काचेला पडदा लावला तर हे बरंचसं थांबतं. पण ओटीवर गोधडी टांगलेली बघून वाडी काय म्हणेल? त्यापेक्षा स्पीकरच्या किमतीची वायर घ्या. ती सापासारखी जाड असते, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते, आणि तिने काहीही बिघडत नाही.

आठ फूट रुंदीची आणखी एक गंमत आहे. आपल्याकडच्या उकाड्यात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. आठ फूट म्हणजे २.४४ मीटर, आणि एवढ्या अंतरात जिची बरोबर अर्धी लांबी मावते अशी लहर ७० हर्ट्झच्या आसपासची. हा खर्ज तुमच्या ओटीला धरून बसतो. भिंतीला पाठ लावून बाकावर बसलेल्या काकांच्या बरगड्या हलतात. मधोमध खुर्ची टाकून बसलेल्या तुम्हाला तोच खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही. काका म्हणणार, आवाज कमी कर. तुम्ही म्हणणार, बेसच नाही. दोघंही खरं बोलताय, त्यामुळे भांडण मिटायची शक्यता नाही. खुर्ची मधल्या रेषेवरून दोन फूट बाजूला घेतली की फरक पडतो, पण फुकटात फरक पडला तर सबवूफर कधी घेणार? तो आणा आणि काकांच्या बाकाखाली ठेवा. जागा वाचते.

छपराविषयी मात्र तक्रारीला जागा नाही, याचं वाईट वाटतं. शहरातल्या स्टुडिओत पैसे मोजून छत तिरकं करून घेतात, जमिनीशी समांतर राहू नये म्हणून. तुमच्याकडे ते आयतं आहे: उतरतं छप्पर, वासे, रिपा, आणि वर खाचाखाचांचं मंगलोरी कौल. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो काही आपल्या स्टिरिओसाठी नव्हे, पण आवाज इकडेतिकडे विखरून टाकण्याचं काम त्या कौलांना झकास जमतं. तेव्हा हा फायदा ताबडतोब घालवा. प्लास्टरचं सपाट फॉल्स सीलिंग ठोका, त्यात निळे दिवे सोडा. किंवा कौलं उतरवून पत्रा घाला. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात पत्रा घातला की जून ते सप्टेंबर गाणं लावलं काय आणि न लावलं काय, सारखंच.

जागा ठरवायचं काम सोपं. ओटीवर प्लग दोन. एक देवघराच्या कोपऱ्यात, दुसरा पडवीच्या वळणावर. झालं, ठरली जागा. कोपऱ्यातल्या स्पीकरला पाठीमागून आणि बाजूने भिंत मिळते, खालून जमीन. अशी प्रत्येक बाजू खर्जात ६ डेसिबलपर्यंत भर घालते. वळणावरच्याला बाजूची भिंतच नाही. त्यामुळे एकच गाणं डावीकडून घुमटात गायल्यासारखं आणि उजवीकडून फोनवर गायल्यासारखं येईल. बॅलन्सचं बटण फिरवून हे दुरुस्त होत नाही, पण फिरवत राहावं. घरातल्यांना वाटतं, काहीतरी शास्त्रोक्त चाललंय.

वायरी जोडताना एका स्पीकरला लाल-काळी उलटी जोडायला विसरू नका. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि दोघांनी मिळून खर्ज खाल्ला जातो. गायक समोरून उठून कुठेतरी डोक्याच्या आसपास तरंगायला लागतो. याला ‘प्रशस्त साउंड’ म्हणावं.

आता ऐकणाऱ्याची जागा. इथे आपण जगाच्या पुढे आहोत, कारण आपल्याकडे झोपाळा आहे. अ‍ॅलन ब्लमलाइन नावाचा इंग्रज इंजिनिअर १९३१ साली होणाऱ्या बायकोबरोबर सिनेमाला गेला. पडद्यावरचा माणूस एका बाजूला आणि आवाज भलत्याच बाजूने, हे त्याला खटकलं, आणि त्याच वर्षी त्याने स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या सगळ्या विचारात माणूस खुर्चीत स्थिर बसलाय, हे गृहीत धरलेलं होतं. झोपाळ्यावर बसलात की त्रिकोण दर हेलकाव्याला लांबतो आणि आखूड होतो. पुढे येताना सूर चढतो, मागे जाताना उतरतो: सेकंदाला मीटरभर वेग धरला तर ५ सेंट, म्हणजे बाराशे सेंटच्या सप्तकात अगदीच चिमूटभर. कोणाला कळणार नाही, पण तुम्ही ‘आज तानपुरा जरा हलतोय’ असं म्हणायला मोकळे. आणि झोपाळ्यावर एकटं बसायला कोणी देत नाही. दोघं बसले की मधली जागा कोणाचीच नाही. ज्या स्पीकरच्या दोन फूट जवळ सरकाल, त्याचा आवाज पावणेदोनेक मिलिसेकंद आधी पोचतो, आणि कान निर्लज्जपणे पहिल्या आलेल्याचंच ऐकतो. गायक सरळ त्या खोक्यात जाऊन बसतो. थोडक्यात, तुम्ही देवघराशी गाणं ऐकताय आणि वहिनी पडवीशी. मधला स्टिरिओ झोपाळ्याच्या कडीला लटकलेला.

देखभालीचा बाऊ करू नये. स्पीकरच्या मागे जे गोल भोक असतं ते खर्जाच्या हवेसाठी असतं अशी कंपनीची समजूत आहे. ते कुंभारीण माशीसाठी आहे. एका पावसाळ्यात ती तिथे मातीचं व्यवस्थित घर बांधते. फोमची कड असलेले स्पीकर घेतले असतील तर दमट हवेत ती कड काही वर्षांनी बोट लावताच भुगा होते. रबराची टिकते, म्हणून विचारू नका, रंग बघून घ्या. वायरींची काळजी उंदीर घेतील.

एवढं सगळं जमून आलं की चतुर्थी येते. गणपतीची जागा देवघराच्या कोपऱ्यात, वर फळं-पानं टांगलेली माटवी, हे तुमच्या पणजोबांच्याही आधीपासून ठरलेलं. आई उंबऱ्यातूनच विचारते, “ह्यो खांबो हयसून हलय आधी, गणपती खय बसतलो?” वाद घालू नका. दोन्ही स्पीकर माळ्यावर चढवा, नारळांच्या शेजारी. संध्याकाळी भजनाला पंचवीस-तीस माणसं सतरंज्यांवर दाटीवाटीने बसतात, बुवा पेटीवर, पखवाज मध्ये, आणि अचानक ओटी सुरेल वाजते. टाळीची टर्रर्र गायब, प्रत्येक शब्द स्वच्छ. माणसं आणि सतरंज्या आवाज पितात. कोणत्याही महागड्या पॅनेलने केलं नसतं ते काम उसळ-पावावर झालेलं आहे. त्या क्षणी तुमचे स्पीकर माळ्यावर आहेत, हे कोणाजवळ बोलू नका.

विसर्जनानंतर ते खाली उतरतात न उतरतात तोच वाडीतली पोरं येतील. देवळात पूजा आहे. “एकच व्हयो, दोन कित्याक?” द्या. आणि देताना कोपऱ्यातलाच द्या, कारण तो जास्त वाजतो ही बातमी एव्हाना तिठ्यापर्यंत गेलेली असते. देवळासमोर उघड्यावर ठेवला की कोपऱ्याने दिलेला खर्ज तिथल्या तिथे उतरेल. दुसऱ्या दिवशी पोरं तो परत आणून ओटीवर टेकवतील आणि जाता जाता, तुम्हाला ऐकू जाईल अशा बेताने, आपापसात म्हणतील, “बरो होतो तो घराक ठेवल्यान, आणि फुटको आमका दिल्यान.”