ग्राइंडर सगळंच कापतो, म्हणून केबल लॉक घ्यायचं?

सायकलवाल्यांच्या ग्रुपवर अधूनमधून एक रील येऊन पडतं. धातू कापायच्या हातातल्या ग्राइंडर मशीनच्या ठिणग्यांचा फवारा, बघता बघता दोन तुकडे झालेलं जाडजूड यू-लॉक (यू आकाराच्या पोलादी दांडीचं कुलूप), आणि खाली मजकूर: "ग्राइंडरपुढे कुठलंच लॉक टिकत नाही. महाग लॉक म्हणजे पैसे पाण्यात. साधी केबल घ्या आणि निवांत राहा." यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. बाकीची दोन त्याच्या जिवावर खपून जातात.

आधी खरं ते मान्य करू. लॉकच्या दांडीचं पाणी देऊन कठीण केलेलं पोलाद हॅकसॉला, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीला, दाद देत नाही, कारण ब्लेडही साधारण तेवढंच कठीण असतं. दात घसरतात, बोथट होतात. ग्राइंडरच्या चकतीत मात्र ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे कण असतात, पोलादापेक्षा कितीतरी कठीण. झिजलेला कण गळतो, खालचा ताजा कण पुढे येतो, आणि हे मिनिटाला आठ-दहा हजार फेऱ्यांच्या वेगाने. त्यामुळे "14 मिमीऐवजी 18 मिमी जाडीचं न्या, साहेब" या सल्ल्याने काही सेकंद वाढतात, इतकंच.

पण म्हणून केबल? केबलला ग्राइंडर लागतच नाही! खिशात मावणारा कटर पुरतो, बारीक केबल असेल तर चांगली पक्कडसुद्धा. आवाज नाही, ठिणगी नाही. मागच्या चाकाचं गोल कुलूप तर सायकल उचलून टेम्पोत टाकली तरी इमानदारीत बंदच राहतं. यू-लॉक असलं की चोराला मशीन, चार्ज केलेली बॅटरी आणि चकत्या घेऊन फिरावं लागतं. बहुतेक भुरटे एवढा सरंजाम बाळगत नाहीत.

"ग्राइंडरच्या आवाजाने लोक गोळा होतात" हा कॉमेंटमधला दिलासाही फसवा. ज्या गल्लीत दिवसभर ग्रिल कापणं-जोडणं चालतं, तिथे चमकदार जॅकेट घातलेल्या माणसाकडे कोण ढुंकून बघतं?

रीलमध्ये न दिसणारी गोष्ट वेगळीच आहे. तिथलं लॉक बहुधा टेबलावरच्या व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, घट्ट धरलेलं असतं. रस्त्यावर ते फ्रेम आणि खांबाच्या बेचक्यात असतं, हात नीट पोचत नाही, आणि 1 मिमीची चकती चिरेत आवळली गेली तर फुटते. शिवाय चांगल्या यू-लॉकची दांडी दोन्ही टोकांना अडकते. एका जागी कापून ती फिरत नाही, दुसरा काप घ्यावाच लागतो. स्वस्त लॉकमध्ये एकच टोक अडकतं: एक काप, एक पीळ, सायकल मोकळी. रीलमधलं लॉक यातलं कुठलं, ते सांगायची तसदी कोणी घेत नाही.

शेवटचा आरोप: "ग्राइंडर-प्रूफ, म्हणजे ग्राइंडरने न कापलं जाणारं लॉक, ही कंपन्यांची बनवाबनवी." 'प्रूफ' म्हणणं चूकच. पण 2021 मध्ये आलेलं ब्रिटनचं हिपलॉक डी1000 आणि त्यानंतरचं लाइटलॉक एक्स1 यांनी मूळ डावच बदलला. पोलादावर असा संमिश्र थर द्यायचा की तो चकतीलाच खाऊन टाकेल. पोलाद कापणारी चकती त्यावर झरझर झिजते, चोराला चकत्या बदलत बसावं लागतं. दिशा नवी नाही: डरहॅम विद्यापीठ आणि जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी 2020 मध्ये ॲल्युमिनियमच्या फेसात सिरॅमिकचे गोळे बसवून ग्राइंडरची धार बोथट करणारं 'प्रोटियस' नावाचं मटेरियल मांडलं होतं. लॉक तपासून त्यांना दर्जा देणाऱ्या ब्रिटनच्या सोल्ड सिक्युअर या संस्थेनेही सायकल लॉकसाठी गोल्डच्या वरचा डायमंड दर्जा आणला, त्यात ग्राइंडरची चाचणी आहे. गोल्डमध्ये नाही. म्हणजे गोल्डचा स्टिकर ग्राइंडरबद्दल काहीच बोलत नाही, आणि खरेदी करणारे नेमके इथेच गंडतात.

ही नवी लॉक पावणेदोन-दोन किलोंची, किंमत दीडशे पौंडांच्या वर. लंडनमध्ये रोज स्टेशनबाहेर ई-बाइक लावणाऱ्याला ती परवडतात. पुण्यात आठ हजारांच्या सायकलला दोन्ही टोकांना अडकणारं साधं यू-लॉक पुरे. फक्त ते चाकात नव्हे, फ्रेममधून घालून जमिनीत रोवलेल्या जाड खांबाला लावा. पातळ रेलिंग असेल तर चोर लॉकला हातही लावत नाही, रेलिंगच कापतो.