जोड कोण लावणार?

कोल्हापूरच्या तालमींचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते: पोरं येतात, चार महिने घाम गाळतात आणि दिसेनाशी होतात. कारणंही ठरलेली. मोबाईल, जिम, अंगात दम नाही. इथे बर्लिनमध्ये टँगो नाचाच्या संध्याकाळी भरवणारी माणसंही नवख्यांबद्दल हेच बोलतात. दोन्हीकडे दोष सोडून जाणाऱ्याच्या माथी. मला हे पटत नाही. टँगोत गळती नेमकी कुठं लागते ते बोट ठेवून दाखवता येतं, आणि तालमीच्या वादाला ते उपयोगी आहे.

टँगो नाचायला माणसं जमतात त्या संध्याकाळीला मिलोंगा म्हणतात. गाणी चार-चारच्या गटानं लागतात, कधी तीनच्या. हा गट म्हणजे तांदा, साधारण दहा-बारा मिनिटांचा. दोन तांद्यांच्या मध्ये अर्धा-एक मिनिट वेगळंच संगीत वाजतं, जोड्या सुटतात, सगळे आपापल्या जागी जातात. आमंत्रण नजरेनं द्यायचं. लांबून बघायचं, समोरच्यानं नजर धरली तर मान हलवायची. नको असेल त्यानं नजर वळवायची, कुणाचा अपमान होत नाही. चार तासांत असे वीसेक तांदे होतात. त्यातले दोन नवख्याच्या वाट्याला आले तरी पुष्कळ. उरलेला सगळा वेळ खुर्चीवर. असे आठ-दहा रविवार काढल्यावर माणूस यायचा थांबतो, आणि मागे बोललं जातं की त्याला गोडी नव्हती.

टँगोच्या जोडीत एकजण पुढाकार घेतो, दुसरा साथ देतो. पुढाकार घेणारे, बहुतेक पुरुष, आधी गळतात. त्यांना पहिल्या दिवसापासून चार गोष्टी एकदम सांभाळायच्या असतात: स्वतःचा तोल, जोडीदाराचं वजन कोणत्या पायावर आहे, संगीत, आणि घड्याळाच्या उलट दिशेनं फिरणाऱ्या रांगेत पुढच्या-मागच्या जोडीपासूनचं अंतर. क्लासचा हॉल मोकळा असतो, त्यामुळे चौथी गोष्ट राहून जाते. उलट अनेक ठिकाणी आठ पावलांची एक साखळी घोटून घेतात, जिचं पहिलंच पाऊल पुढाकार घेणाऱ्याला मागं टाकावं लागतं. भरलेल्या मिलोंगात मागे दुसरी जोडी असते. धक्का लागतो, कुणाचा पाय तुडवला जातो, आणि शरमेनं पोरगा पुन्हा फिरकत नाही. साथ देणाऱ्या, बहुतेक बायका, वर्षभरात सफाईनं नाचू लागतात. तोवर त्यांच्या बरोबरीनं शिकायला लागलेले पुरुष निघून गेलेले असतात. मग दोन-तीन वर्षं बसून काढल्यावर त्याही थकतात.

आणखी एक कारण आहे, आणि ते मला सगळ्यात वाईट वाटतं: न विचारता, नाच चालू असतानाच चुका सांगणारे. मिलोंगा ही शिकवण्याची जागा नाही.

अर्जेंटिनात हे पूर्वी असं नव्हतं. ब्युनोस आयर्समध्ये 1940च्या दशकात पोरं टँगो शिकायची ती 'प्राक्तिका'त, म्हणजे सरावाच्या जागी, पुरुषापुरुषांत. नव्यानं आधी साथ द्यायला शिकायचं, जुन्यांच्या हाताखाली कित्येक महिने. मग पुढाकार. मग मिलोंगा. कोल्हापूरकराला हे समजावून सांगायला नको, ही तालीमच झाली. 1955च्या लष्करी बंडानंतर टँगोला ओहोटी लागली आणि ही साखळी तुटली. 1983 साली पॅरिसमध्ये गाजलेल्या कार्यक्रमानंतर टँगो जगभर पुन्हा पसरला, पण बहुतेक ठिकाणी क्लासच्या रूपात: महिन्याची फी, दर आठवड्याला नवी पावलं. हाताखाली घेणारा जुना जाणता मात्र मागेच राहिला.

जिथे माणसं टिकतात तिथे काय करतात ते पाहा. पहिले सहा ते आठ आठवडे फक्त चालणं, थांबणं, जागेवर वजन बदलणं, तेही मुद्दाम अर्ध्या हॉलमध्ये, गर्दी करून. दोन्ही भूमिका पहिल्या दिवसापासून. आठवड्यातून एकदा दोन तासांची प्राक्तिका, पूर्ण उजेडात, जिथे थांबून विचारायला मुभा. मिलोंगात नवख्यांना दाराजवळच्या कोपऱ्यात न बसवता नाचाच्या कडेला बसवतात. दिवे फार मंद ठेवत नाहीत, कारण नजर दिसली नाही तर आमंत्रण पोचणार कसं? सुरुवातीच्या तांद्यांना दारिएन्सोच्या वाद्यवृंदासारखा स्वच्छ ठेका, पुग्लिएसेच्या वाद्यवृंदाची ओढलेली, थांबणारी लय उशिरा. लहान मुलं असलेल्यांसाठी रविवारी दुपारी तीन ते सात. आणि यजमान जुन्या नाचणाऱ्यांना सांगून ठेवतो: आज रात्री दोन तांदे नव्यांबरोबर.

यात एक अडचण आहे. ही विनंतीच राहायला हवी. मिठीत यायचं की नाही हे प्रत्येकानं स्वतः ठरवायचं, विशेषतः बाईनं, त्यावर हा नाच उभा आहे. तालमीत वस्ताद नाव घेऊन जोड लावू शकतो, मिलोंगात कुणी लावू शकत नाही. वस्तादाच्या हातात जे आहे ते इथल्या यजमानाला कधीच मिळणार नाही.

म्हणून 'पोरांत दम नाही' हे ऐकवत नाही. त्याच पेठांतली पोरं तालीम मंडळांच्या जर्सी घालून शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा अख्खा सामना पळतात. तिथं त्यांना संघ आहे, पहिल्या दिवसापासून चेंडू पायाशी येतो. आखाड्यात नवा पोरगा जोर-बैठका मारून कडेला उभा राहिला आणि मोठ्या पैलवानांनी आपसातच लढती केल्या, तर तो जिमला जाणारच. जिमला निदान मशीन तरी मोकळं मिळतं. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, मल्लांना आश्रय दिला, ते मोठंच काम. पण मैदानात उतरणारा मल्ल आधी रोज पहाटे कुणीतरी खेळवलेला असतो.

तेव्हा एक वही ठेवावी. नव्या पोराचं नाव, आल्याची तारीख, आणि पहिल्या तीन महिन्यांत रोज त्याला कुणी खेळवलं, किती वेळ. मोठ्या पैलवानानं आपल्या लढती झाल्यावर दहा मिनिटं द्यावीत, म्हणजे टँगोच्या हिशोबानं एक तांदा. पोरगं यायचं बंद झालं की मोबाईलला बोल लावण्याआधी त्याचं पान उघडून बघावं.