‘एकच क्रीम, अख्खं घर लख्ख’: त्या फिरत्या संदेशाला उत्तर

सध्या नातेवाइकांच्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक लांबलचक संदेश फिरतोय. त्याचा सारांश असा: क्रीम क्लीनरची बाटली आणा, त्यात व्हिनेगर आणि खायचा सोडा घाला म्हणजे ताकद दुप्पट होते. मग ओटा, नळ, तांब्याची भांडी, नॉनस्टिक तवा, भिंती, दागिने, काहीही घासा. ओरखडा पडत नाही, जंतूही मरतात.

क्रीम क्लीनर वाईट नाही. माझ्या घरात बाटली कायम असते. पण या संदेशातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य तपासून घ्यावं असं आहे.

आधी बाटलीत काय असतं ते पाहू. पाणी, कॅल्शियम कार्बोनेटची म्हणजे चुनखडीची अगदी बारीक पूड, तेलकटपणा सोडवणारी साबणासारखी रसायनं, आणि पूड तळाशी बसू नये म्हणून दाटपणा आणणारं काहीतरी. बहुतेक क्रीम आम्लारी असतात. साबणाने चिकटा सुटतो, पूड तो खरवडून काढते. आज्यांच्या काळी राख आणि काथ्या हेच करायचे. राखेत क्षारही असायचा आणि बारीक कणही.

आता पहिला दावा: व्हिनेगर आणि सोडा घातला की ताकद दुप्पट. होतं नेमकं उलट. व्हिनेगर आम्ल, सोडा आम्लारी. दोघं एकत्र आले की एकमेकांना संपवतात. बाजारातल्या व्हिनेगरमध्ये ४ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल असतं, म्हणजे २४० मिलिलिटरच्या कपात साधारण १० ते १२ ग्रॅम. तेवढं आम्ल १४ ते १७ ग्रॅम सोड्यात, म्हणजे जेमतेम एका मोठ्या चमच्यात, खलास होतं. फसफसून निघतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि मागे उरतं सोडियम ॲसिटेटचं मिळमिळीत पाणी. व्हिडिओत तो फेस फार कामसू दिसतो, एवढंच. सोडा वगळून नुसतं व्हिनेगर ओतलं तर ते क्रीममधली चुनखडीची पूडच विरघळवायला लागतं. म्हणजे विकत आणलेली घासणारी पूड आपल्याच हाताने मारायची.

यात धोकाही आहे. काही क्रीममध्ये ब्लीच असतं. अमेरिकेत मिळणाऱ्या सॉफ्ट स्क्रबचा तसा एक प्रकार आहे, तिथल्या आपल्या मंडळींनी बाटली नीट वाचावी. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो थेट छातीत जातो. त्यामुळे बाटलीत काहीही मिसळायचं नाही, मग संदेश कितीही जवळच्या माणसाने पाठवलेला असो.

दुसरा दावा, ‘ओरखडा पडत नाही’, अर्धा खरा आहे. फ्रीडरिश मोहस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये कठीणपणाची १ ते १० अशी मोजपट्टी मांडली. मोठ्या आकड्याची वस्तू लहान आकड्याच्या वस्तूवर ओरखडा पाडते, उलटं होत नाही. तिच्यात चुनखडीचं खनिज, कॅल्साइट, ३ वर येतं. काच साडेपाचच्या आसपास, ग्रॅनाइट ६ ते ७. म्हणून बाथरूमच्या चकचकीत टाइल्स, बेसिन, ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलचं सिंक इथे क्रीम बिनधास्त वापरा. स्टीलवर फक्त रेघांच्या दिशेने घासा. पण ॲक्रिलिकचा टब, फ्रिजमधले पारदर्शक ट्रे, मोबाईलची काच (म्हणजे तिच्यावरचा बोटांचे ठसे न धरणारा थर) आणि नॉनस्टिकचा लेप या नाजूक वस्तू आहेत. तिथे क्रीम नको. भिंतीवरही सांभाळून. मॅट रंगावर मुलांनी ओढलेल्या खडूच्या रेघा जातात खऱ्या, पण घासलेल्या जागी चकाकता डाग राहतो आणि तो रेघेपेक्षा जास्त डोळ्यांत भरतो.

ओट्याबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण संदेशात ‘ओटा’ एवढंच लिहिलंय. आपल्याकडे किती घरांत अजून कडप्प्याचा ओटा आहे! जुन्या घरांत शहाबादी फरशी, नव्या घरांच्या जिन्यात कोटा. हे तिन्ही दगड चुनखडीचेच. देवघराखालचा मकराण्याचा संगमरवरही मूळचा तोच, कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे क्रीममधली पूड आणि ओट्याचा दगड यांचा कठीणपणा जवळपास सारखा. रोज जोर लावून घासलं तर पॉलिश हळूहळू मरतं. आणि व्हिनेगर घातलेलं मिश्रण तर दगड सरळ खातं.

कडप्प्यावर लिंबाची फोड पालथी राहिली की पांढुरकं वर्तुळ उमटतं, ते सगळ्यांनी पाहिलंय. कोकमाचं आगळ सांडलं तरी तेच. त्याला डाग म्हणून लोक घासत बसतात. पण तिथे वर काही चिकटलेलं नसतंच. दगडाचा वरचा गुळगुळीत थर गेलेला असतो. क्रीमने तो परत येणार नाही. खोबरेल तेलाचा हात फिरवला तर चार दिवस लपतो. कायमचा घालवायचा तर पॉलिशवाल्याला बोलवावं लागतं. रोजच्यासाठी भांड्याच्या साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरतं.

नळांवरचा पांढरा थर क्रीमने जातो, असंही संदेश सांगतो. साबणाचा चिकट थर जातो, हे कबूल. क्रीमचं खरं काम तेच. पण बोअरवेल किंवा टँकरच्या जड पाण्याने धरलेलं खरखरीत पुट हेसुद्धा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच, त्यामुळे हात दुखेपर्यंत घासावं लागतं. तिथे आम्लच हवं. कपभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्व विरघळवा, त्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं नळाला गुंडाळा आणि भरपूर पाण्याने धुवा. खाली संगमरवर किंवा कडप्पा असेल तर थेंब पडू देऊ नका.

तांब्या-पितळेचंही तसंच. त्यांच्यावरचा काळपटपणा म्हणजे धातूचं ऑक्साइड. ते आम्लात विरघळतं, म्हणून चिंच, आमसूल, लिंबू-मीठ चालतं. क्रीम ते नुसतं खरवडतं. वेळ जास्त, चमक कमी. पातेल्याला आतून कल्हई असेल तर क्रीम लावूच नका. कल्हईचं कथील मोहसच्या पट्टीवर दीडच्या आसपास येतं. चिंचेचा कोळ फुकटात घरात असताना महागडी बाटली कशाला ओता, हा आणखी एक प्रश्न.

जंतूंचं थोडक्यात. साध्या क्रीमने मळ निघतो आणि मळाबरोबर बरेचसे जंतू धुऊन जातात. मारायचे असतील तर जंतुनाशक वेगळं लागतं. ते आधी स्वच्छ केलेल्या जागेवर लावायचं आणि बाटलीवर लिहिलेला वेळ तसंच ठेवायचं.

‘रात्रभर लावून ठेवा’ हा सल्ला कुठून आला कोण जाणे. क्रीम वाळलं की पूड खाचांत बसते आणि टाइल्सवर पांढरी झाक राहते. ओल्या फडक्याने लावा, घासा, लगेच धुवा, मग दुसऱ्या ओल्या फडक्याने पुसा. बुटांचे पांढरे रबरी तळवे आणि शेगडीवरचं करपलेलं दूध यांवर क्रीमसारखं दुसरं काही नाही, हे मी आनंदाने मान्य करते.

शेवटचा दावा दागिन्यांचा, आणि उदाहरण म्हणून चक्क नथ! मोती हासुद्धा बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. व्हिनेगर त्याला खातं, पूड त्याची झळाळी घालवते, आणि गेलेली झळाळी घरी परत आणता येत नाही. सोनंही मोहसच्या पट्टीवर अडीच-तीनच. नथ कोमट पाण्यात मऊ फडकं किंचित भिजवून पुसा, सावलीत पूर्ण कोरडी होऊ द्या आणि मगच डबीत ठेवा. सोनं फारच काळवंडलं असेल तर सराफाकडे न्या.