टॅक्सी करणे म्हणजे रेषेमागे जाणे नव्हे

सध्या एक मजकूर बराच पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा की, विमान धावपट्टीपर्यंत नेणे आणि उतरल्यावर परत आणणे, म्हणजेच टॅक्सी करणे, हे वैमानिकाचे सर्वांत सोपे काम असते. पिवळ्या रेषेवरून जायचे, मनोऱ्यातला कंट्रोलर सांगेल तिथे वळायचे, टॅबलेटवर नकाशा असतोच, आणि एवढे असूनही जो चुकतो तो निष्काळजी. या चारही विधानांत थोडे थोडे तथ्य आहे, म्हणूनच ती सहज पटतात. मात्र प्राणहानीच्या दृष्टीने विमान वाहतुकीतला सर्वांत मोठा अपघात आकाशात झालेला नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील लॉस रोडिओस विमानतळावर दाट धुक्यात दोन जम्बो जेट धावपट्टीवरच एकमेकांना धडकली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी एक विमान त्या क्षणी टॅक्सीच करत होते.

पहिला मुद्दा पिवळ्या रेषेचा. सरळ टॅक्सीवेवर, म्हणजे विमानांच्या जमिनीवरच्या रस्त्यावर, रेष एकच असते, पण मोठ्या विमानतळावरच्या चौकात तिला चार-पाच फाटे फुटतात आणि पावसात, रात्री, दिव्यांच्या प्रतिबिंबांत त्यांतला आपला कोणता हे ओळखावे लागते. ३१ ऑक्टोबर २००० रोजी तैपेईत वादळी पावसात सिंगापूर एअरलाइन्सचे एक विमान ०५ डावी या धावपट्टीऐवजी तिला समांतर असलेल्या, कामासाठी अंशतः बंद केलेल्या ०५ उजवीवर वळले. टॅक्सीवेच्या मध्यावरचे हिरवे दिवे त्याच दिशेला नेत होते. विमानाने वेग घेतला, ते धावपट्टीवरच्या बांधकामाच्या यंत्रांवर आदळले आणि १७९ पैकी ८३ जणांचा मृत्यू झाला. रेषेच्या आणि दिव्यांच्या मागे जाणे एवढेच पुरेसे असते, तर हे घडलेच नसते.

शिवाय मोठ्या विमानात रेष डोळ्यांखाली ठेवून वळताच येत नाही. पुढचे चाक वैमानिकाच्या आसनाच्या मागे असते आणि मुख्य चाके त्याहून कितीतरी मागे. म्हणून काटकोनी वळणावर कॉकपिट रेषेच्या बरेच पुढे जाऊ द्यावे लागते, कधी कधी खाली डांबर संपून गवत दिसू लागेपर्यंत, आणि मग टिलर (पुढचे चाक वळवण्याचा दांडा) फिरवावा लागतो. लवकर वळले, तर आतल्या बाजूची चाके मातीत उतरतात. अनेक मोठ्या विमानांत पंखांची टोके कॉकपिटमधून दिसतही नाहीत. ए-३८० च्या पंखांचा विस्तार जवळपास ८० मीटर आहे. एप्रिल २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर अशाच एका विमानाच्या पंखाचे टोक थांबलेल्या छोट्या जेटच्या शेपटीला लागले आणि ते छोटे जेट जागच्या जागी फिरले. डिसेंबर २०१३ मध्ये जोहान्सबर्गला एक बोइंग ७४७ रात्रीच्या वेळी ब्राव्हो नावाच्या टॅक्सीवेच्या वळणावर न वळता सरळ अरुंद टॅक्सीवेवर गेले आणि त्याचा पंख एका इमारतीत घुसला.

दुसरा मुद्दा कंट्रोलरचा, आणि मला तो सर्वांत फसवा वाटतो. कंट्रोलर सांगतो हे खरे, पण कसे सांगतो ते पाहावे. विमान धावपट्टीवरून नुकतेच बाहेर पडलेले असते, फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) पंखांचे फ्लॅप आत घेत असतो, रेडिओची फ्रिक्वेन्सी बदललेली असते, आणि एका दमात सूचना येते: किलो टॅक्सीवेवरून डावीकडे, ब्राव्होने पुढे, ज्युलिएटला उजवीकडे, २२ उजवी या धावपट्टीच्या अलीकडे थांबा. ती ऐकायची, लिहायची, जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, नकाशावर बोट ठेवून मार्ग जुळवायचा आणि हे सगळे चालत्या विमानात. मध्येच दुसऱ्या विमानासाठी मार्ग बदलला, तर ही साखळी पुन्हा पहिल्यापासून जुळवावी लागते.

कंट्रोलर पाहत असतोच, हे गृहीतही धरता येत नाही. टेनेरिफच्या मनोऱ्याला धुक्यात विमाने दिसत नव्हती आणि जमिनीवरची विमाने दाखवणारे रडार तिथे नव्हते. टॅक्सी करणाऱ्या पॅन अ‍ॅम कंपनीच्या विमानाच्या वैमानिकांना धावपट्टीवरून तिसऱ्या टॅक्सीवेने बाहेर पडण्यास सांगितले होते, पण ते वळण जवळजवळ मागे फिरण्याइतके तीव्र होते आणि विमान त्याच्या पुढे गेले. जानेवारी २०२३ मध्ये केनेडी विमानतळावर एक बोइंग ७७७ सांगितलेली धावपट्टी सोडून दुसरीच ओलांडू लागले, तेव्हा त्याच धावपट्टीवर एक ७३७ उड्डाणासाठी धावत होते. टॅक्सी करणारी विमाने सांभाळणाऱ्या ग्राउंड कंट्रोलरचे लक्ष त्या वेळी दुसऱ्या कामात होते; धावपट्टी सांभाळणाऱ्या टॉवर कंट्रोलरने उड्डाण तातडीने रद्द केले, म्हणून सारे वाचले.

टॅबलेटवरच्या नकाशाबद्दल थोडक्यात. आपले विमान कुठे आहे हे तो दाखवतो आणि त्याचा फार उपयोग होतो, यात शंका नाही. पण आपल्याला कोणती परवानगी मिळाली आहे हे त्याला ठाऊक नसते, नोटॅमने (वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचनेने) बंद केलेला तुकडा त्यावर दिसेलच असे नाही, आणि नकाशात पाहणारे डोळे तेवढा वेळ बाहेर पाहत नसतात.

राहिला निष्काळजीपणा. तो कधीच नसतो असे मी म्हणणार नाही. २७ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतल्या लेक्सिंग्टनला कॉमएअर कंपनीच्या विमानाने २२ ऐवजी जेमतेम ३,५०० फुटांच्या २६ क्रमांकाच्या धावपट्टीवरून उड्डाणाचा प्रयत्न केला आणि ५० पैकी ४९ जण दगावले. त्या टॅक्सीदरम्यान कॉकपिटमध्ये अवांतर गप्पा झाल्या होत्या, आणि अमेरिकी नियमांनुसार टॅक्सी हा उड्डाण व लँडिंगइतकाच महत्त्वाचा टप्पा असल्याने तशा गप्पांना तिथे मनाई आहे. हा नियम मुळात अस्तित्वात आहे, हेच 'सोपे काम' या दाव्याला पुरेसे उत्तर आहे.

पण ८ ऑक्टोबर २००१ चा मिलानजवळच्या लिनाते विमानतळावरचा अपघात पाहा. छोट्या सेस्ना जेटच्या वैमानिकांनी धुक्यात आर-५ ऐवजी आर-६ हा मार्ग धरला, ही त्यांची चूक होतीच. त्यांनी कळवलेल्या ठिकाणाचे चिन्ह मात्र कंट्रोलरला माहीत नव्हते, जमिनीवरचे रडार चालू नव्हते आणि टॅक्सीवेवरच्या खुणा व फलक प्रमाणांनुसार नव्हते. सेस्ना धावपट्टीवर पोहोचली आणि उड्डाण घेणाऱ्या एमडी-८७ ने तिला धडक दिली. ११८ माणसे गेली. हे सगळे वैमानिकाच्या निष्काळजीपणाच्या खाती टाकले, तर रडार कुणी दुरुस्त करायचे आणि खुणा कुणी रंगवायच्या, हा प्रश्नच उरत नाही.

सगळा भार वैमानिकावर न टाकता नियमही बदलता येतात. अमेरिकेत पूर्वी धावपट्टीपर्यंत टॅक्सी करण्याची परवानगी मिळाली की वाटेतल्या इतर धावपट्ट्या ओलांडण्याची परवानगी त्यातच धरली जात असे. ३० जून २०१० पासून प्रत्येक धावपट्टी ओलांडण्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते आणि पहिली ओलांडून होईपर्यंत साधारणतः पुढचीची परवानगी देता येत नाही.