९९मधला ६६ आणि रस्त्यावरची म्हैस

"९९च्या गर्दीत लपलेला ६६ रोज १० मिनिटं शोधा. महिन्याभरात एकाग्रता दुप्पट, चष्म्याचा नंबर कमी आणि रात्री गाडी चालवताना रस्त्यावरची गुरं लांबूनच दिसतील!" गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत फिरून हा निरोप आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि सहावीतल्या भाचीचा चष्मा दप्तरात गेला. म्हणून हे लिहिणं.

चष्म्याचं आधी उरकू. लांबचं अंधुक दिसतं ते बहुधा डोळ्याचा गोल लांबट झाल्यामुळे. प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते. ६६ शोधून गोल आखूड होत नाही. चष्मा घाल बाय.

एकाग्रता दुप्पट? कशाने मोजली? पुढे.

सरावाने नजर बसते, एवढं मात्र कबूल करावं लागतं. सुपात उकडे तांदूळ पसरून निवडणाऱ्या बाईला खडा शोधावा लागत नाही, तोच बोटाला लागतो. पण तिथे खडा रोज खडाच असतो, तांदूळ रोज तांदूळच. ही अट मोडली की काय होतं, ते शिफ्रिन आणि श्नायडर या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली दाखवलं. इंग्रजी व्यंजनांचा एक गट शोधायचा, दुसरा सोडून द्यायचा. २१०० फेऱ्यांत लोक तरबेज झाले. मग गट उलटे केले: सोडत होता ती अक्षरं आता शोधा. कामगिरी अगदी सुरुवातीच्या, कोऱ्या पातळीच्याही खाली घसरली. म्हणजे ६६चा सराव ६६पुरता. उद्या ६६मध्ये ९९ शोधायला सांगा, तोच उस्ताद अडखळेल.

आता ती गुरं, कारण इथे माणूस मरतो. रस्त्यावर शोधायचं काय हेच ठरलेलं नसतं. कधी डांबरावर बसलेली म्हैस, कधी मागचा दिवा नसलेली स्कूटर, कधी पाण्याखालचा खड्डा. शिवाय कोड्यात ६६ असतोच, म्हणून सापडेपर्यंत आपण बघत राहतो. रस्त्यावर मैलोन्‌मैल काहीच नसतं, आणि क्वचित येणारी वस्तूच नजरेतून जास्त निसटते. त्यात म्हशीचं काळं अंग उजेड फारसा परतवत नाही. तिथे घारीची नजरही काय करणार? ताशी ६०ने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरा, २५ मीटर गेले, गाडी थांबायला अजून सुरुवातही नाही. ४०ने हेच अंतर १७ मीटर.

तेव्हा वेग उतरवा, समोरून कोणी नसेल तर हाय बीम लावा, आणि काच आतूनही पुसा. पावसात सगळे बाहेरूनच पुसतात, धुकं आतल्या बाजूला धरलेलं असतं.